गोविंदाच्या बारमधला गुरुवार

आमच्या गावात परमिट रूम एकच, गोविंद पाटलाची. तिच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे माझं मेडिकल. तिकडे संध्याकाळी ज्याला जास्त व्हायची तो सकाळी माझ्याकडे पित्ताची गोळी मागायला यायचा. म्हात्रे सर यातल्या कुठल्याच दुकानाचं गिऱ्हाईक नव्हते. दारूला त्यांनी कधी हात लावला नाही आणि तब्येतही काटक, त्यामुळे माझ्याकडेही ते कधी काही घ्यायला आले नाहीत. तरी त्या बारचा विषय निघाला की मला गोविंदाच्या आधी सर आठवतात.

जनार्दन म्हात्रे. उंच, अंगाने किडकिडीत, रंगाने सावळे. अलिबागजवळच्या एका हायस्कुलात त्यांनी उभी नोकरी विज्ञान शिकवण्यात घालवली. निवृत्त होऊनसुद्धा शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा असायचाच. वडील मिठागरावर कामाला होते. पाण्याचं मीठ होताना बघत मोठा झालो म्हणून शास्त्राकडे वळलो, असं ते सांगत. बोलणं तुटक. कुणी काही ठामपणे सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असे, "कशावरून?" तो शब्द ते भांडायला वापरत नसत, खरंच जाणून घ्यायला वापरत. मासळी बाजारात कोळीण म्हणे, "मास्तर, एकदम ताजी हाय." सर म्हणत, "कशावरून?" ती बांगड्याचा कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवी, बोटाने अंग दाबून दाखवी. सरांचा चेहरा फुलायचा. मग ते भाव न करता मासळी घेत, आणि घरी जाऊन बायकोची, म्हणजे आमच्या काकींची, बोलणी खात.

बारमधल्या गुरुवारांची सुरुवात एका बिअरच्या बाटलीवरून झाली. काकींना गोविंदाच्या हातचे तळलेले बोंबील आवडायचे. त्याचं पार्सल घ्यायला सर काउंटरपाशी उभे होते. मीही पाणी मागायला गेलो होतो. बाळ्या म्हणून आमच्याकडे एक ट्रकवाला आहे, तो कुणाला तरी तावातावाने सांगत होता की थंड बाटलीच्या काचेतून बिअर पाझरते, म्हणून बाटली बाहेरून ओली होते.

"कशावरून?" सर म्हणाले.

"कशावरून म्हंजे? दिसतंय ना डोल्यांनी, सर. पुसली तरी परत येते."

"मग चाटून बघ."

सगळे हसले. बाळ्याने मात्र खरंच बोट फिरवून चाटलं. परत एकदा चाटलं आणि म्हणाला, "आयला, पानी हाय."

"बिअर आत आहे आणि बाहेर पाणी. मग ते आलं कुठून?"

बोंबील निवून गेले. सरांनी गोविंदाकडून एक रिकामी बाटली घेतली, बर्फाच्या डब्यात ठेवली, बाहेर काढली. तिच्यात काहीच नव्हतं, तरी ती भिजली. मग त्यांनी खिशातला खडू काढला. गोविंदाच्या बारमधली टेबलं कडाप्प्याची, काळीकुळकुळीत. एका टेबलावर त्यांनी हवेतल्या वाफेची गोष्ट काढून दाखवली. बाळ्या टेबलावर वाकून बघत होता. निघताना गोविंद म्हणाला, "सर, गुरुवारी अर्धं गाव पीत न्हाय. बार ओस असतो. तवा या ना. येतील मानसं."

माणसं आली. आधी चार, मग दहा, मग खुर्च्या कमी पडायला लागल्या. गुरुवार पाळणारे सोडा पीत बसायचे, न पाळणारे कोपऱ्यात आपापलं घेऊन. विषय तिथेच ठरायचा. वीज नारळावरच का पडते, कोंबडीला रोग आला तर अंडं खावं की नाही, मोबाईलच्या टॉवरने कैऱ्या गळतात का. सरांच्या सभेला अध्यक्ष नव्हता, हारतुरे नव्हते. टाळ्या वाजवलेल्या त्यांना खपत नसत. "टाळी वाजवलीत की विचारायचं राहून जातं," म्हणायचे.

काकींना हे बिलकूल पसंत नव्हतं. "जन्मभर शाळेत शिकवलंत, आता गुत्त्यात शिकवा," असं त्या माझ्यासमोरच त्यांना म्हणाल्या होत्या. त्यांचं नाव मालती. बुटक्या, गोऱ्या, बोलायला फटकळ. सर त्यांना फार भीत, आणि ते भितात याचा काकींना फार आनंद होता. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी ओटीवर दोघं बसत. त्या वालाच्या शेंगा सोलत आणि सर वर्तमानपत्रातल्या चुका त्यांना वाचून दाखवत.

एक गुरुवार सांगितला पाहिजे, म्हणजे हा माणूस कसा होता ते कळेल. चंदर नाखवाने विचारलं होतं, "मास्तर, काळोखात जाळं वडलं की पानी निळं पेटतं. ते काय हाय?" सरांनी सांगितलं, समुद्रात फॉस्फरस असतो, तो चमकतो. नाखवाचं समाधान झालं, सगळ्यांचं झालं. पुढच्या गुरुवारी सर आले ते उभेच राहिले. "मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. ते परत घ्यायला आलोय." मुंबईत प्राध्यापक असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला त्यांनी फोन करून विचारलं होतं. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते डिवचले की उजळतात. "मी लहानपणी ऐकलं होतं तेच तुम्हाला दिलं. कशावरून, ते स्वतःला विचारलं नाही." नाखवा त्या दिवशी आला नव्हता. तर सर दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर गेले, होडी लागायची वाट बघत थांबले, आणि त्याला सांगून मग घरी आले.

दोन पावसाळे हे असं चाललं. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर सरांचं लक्ष उडाल्यासारखं झालं. बोलता बोलता थांबत. लागोपाठ दोन गुरुवार आलेच नाहीत. आणि मग तो फोटो आला.

पालीकडे जाताना, हमरस्त्यापासून आत, एका वाडीत एक बुवा औषध देतो. लोक त्याला अण्णा म्हणतात. पानांचा लगदा आणि पुडी, सगळ्या रोगांवर तेच. त्याच्याकडे पहाटेपासून रांग लागते. त्या रांगेतला फोटो होता. हातात पिशवी घेतलेले म्हात्रे सर, मान खाली. फोटोखाली लिहिलं होतं, विज्ञानाचे शिक्षकसुद्धा अण्णांच्या दारात. आमच्या गावात ज्याच्याकडे मोबाईल होता त्या प्रत्येकाकडे तो पोचला.

त्या गुरुवारी सर आले. बार कधी नव्हे इतका भरला होता. बाळ्याने मोबाईल त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाला, "सर, हे कशावरून?"

हशा पिकला. बाळ्या तसा वाईट नाही, त्याला गंमत करायची होती. सरांनी चष्मा वर करून फोटो नीट बघितला. मोबाईल परत दिला.

"फोटो खरा आहे," म्हणाले.

"म्हंजे तुमचापन इश्वास हाय म्हना की."

"नाही."

"मग गेलात कशाला?"

 सरांनी खडू काढला आणि भरती-ओहोटीचं चित्र काढायला घेतलं. अष्टमीच्या ठिकाणी दोनदा अमावास्या म्हणाले. कुणी चूक दाखवली नाही. एकेक जण बिल मागवायला लागला. शेवटी मी, गोविंद आणि चंदर नाखवा उरलो, आणि सर आम्हा तिघांना चंद्र समजावत राहिले.

मला वाटलं, महिन्याभरात लोक विसरतील. पण औषधाच्या दुकानात बसलं की गावात काय चाललंय ते आपोआप कळतं. गोविंदाची आई हिराबाई साखरेच्या गोळ्यांना नेमाने यायची. ती यायची बंद झाली. मी गोविंदाला विचारलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "अण्णाकडचं चालू केलंय तिनं. गोळ्या टाकून दिल्या. मी बोललो तं म्हनते, मास्तर शिकलेला मानूस, तो जातो तितं. तू काय त्याच्याहून शाना?" आणि ती एकटी नव्हती. दाबाच्या, थायरॉइडच्या, फिटच्या गोळ्या नेणारी आणखीही माणसं दिसेनाशी झाली होती.

मी सरांच्या घरी गेलो. काकी ओटीवर होत्या. गळ्याशी पदर घट्ट घेतलेला, चेहरा उतरलेला. मला बघून त्या उठून आत गेल्या. सर मला मागच्या वाडीत घेऊन गेले, विहिरीपाशी. मी हिराबाईंचं सांगितलं. ऐकताना ते सुपारीच्या झाडाला टेकून उभे राहिले.

"सर, तुम्ही का जाता तेवढं तिला सांगा."

"ते मला सांगता येत नाही."

"मग काहीतरी खोटं सांगा. कुणाला तरी सोडायला गेलो होतो म्हणा."

"खोटं सांगितलं तर ती पुढचं विचारेल," सर म्हणाले. मग विहिरीत बघत म्हणाले, "आणि खरं माझं एकट्याचं नाही."

मोरीची खिडकी तिकडेच उघडत होती. आमचं बोलणं आत ऐकू जात असेल हे माझ्या लक्षात आलं नाही. सरांच्याही आलं नसावं.

दुसऱ्या दिवशी ते हिराबाईकडे गेले. गोविंद होता तिथे, त्याने मला सांगितलं. सरांनी तिला साखर म्हणजे काय, ती रक्तात वाढली की पायाच्या नसांचं काय होतं, सगळं शांतपणे सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी गेलात तं चालतं, मी गेले तं चालत न्हाय?"  सर चहा न पिता उठले.

थंडी संपता संपता हिराबाईच्या पायाला काहीतरी टोचलं. जखम चिघळली. तिने त्यावर पानांचा लगदा बांधला. अलिबागला नेईपर्यंत पायाचा अंगठा काळा पडला होता. तो कापावा लागला.

त्यानंतरच्या गुरुवारी मी दुकान बंद करून सहज समोर गेलो. आठ-दहा माणसं होती. सर नेहमीच्या टेबलापाशी बसले होते, खडू न काढता. इतक्यात दारातून काकी आत आल्या.

त्या बारमध्ये बाई कधी आलेली मी पाहिली नव्हती. बाळ्याने ग्लास टेबलाखाली सरकवला. गोविंद काउंटरमागून धावत बाहेर आला, "काकी, तुमी? बसा, बसा." त्या बसल्या नाहीत. सर अर्धवट उठले होते. "मालती, तू घरी..."

"तुमी गप बसा," त्या म्हणाल्या. मग आमच्याकडे वळल्या. आवाज लहान होता पण कापत नव्हता.

"त्या रांगेत हे माझ्यासाठी उभे होते. माझ्या छातीत गाठ हाय. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं. मी नाय म्हटलं. माझ्या बहिणीला मुंबईला नेली होती. तिचे केस गेले, नखं काळी झाली, अन्न जाईना, आणि तरी ती गेली. मी तिच्याजवळ होते. मला तसं जायचं नव्हतं. हे रोज म्हणायचे, चल. मी म्हटलं, अण्णाकडे येत असाल तर या, नायतर मी एकटी जाते. तर म्हणाले, एकटी नको जाऊ. कुणाला सांगायचं नाय, अशी शपथ मीच घातली होती यांना."

 काकींनी पदर सारखा केला.

"औषध घेतलं मी. नेमाने घेतलं. हे तुमाला विचारतात ना, कशावरून? मला एकदापण नाय विचारलं. म्हणून मीच सांगते. पयली गाठ हाताला सुपारीएवढी लागायची. आता काखेपर्यंत आलीय, दंड अंगाशी मिटत नाय. हिराबाईचा अंगठा माझ्या शपथेपायी गेला. आणखी कुणाचं काय जाऊ नये."

"तुझ्यामुळे नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "मी जाऊन उभा राहिलो. माझ्यामुळे."

"ते आपण घरी भांडू," काकी म्हणाल्या. "मला उद्या न्या मुंबईला."

बाळ्या उठला. "काकी, मी गाडी आनतो. ट्रक न्हाय, भावाची कार. मांडव्याला बोटीवर सोडतो पहाटे." काकींनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पिऊन नको येऊ." त्यावर तो बिचारा हसलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे अंघोळ करून, शर्ट खोचून तो त्यांच्या दारात उभा होता.

रोरो बोटीने मुंबई, तिथून हॉस्पिटल, परत रोरो, असं मग बरेच महिने चाललं. काकींचे केस गेले. डोक्याला रुमाल बांधून त्या ओटीवर बसत, आणि आता वाल सर सोलत. उलटीच्या गोळ्या ते माझ्याकडून नेत. माझ्या दुकानात ते पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून आले ते तेव्हा. हिराबाई काठी टेकत त्यांच्याकडे जाऊन बसायची. दोघी काय बोलत कुणास ठाऊक. एकदा मी औषध द्यायला गेलो तेव्हा दोघी हसत होत्या. हिराबाईच्या गोळ्या चालू झाल्या. बाकीचेही बरेच परत आले, सगळे नाही.

काकी पुढचा गणपती बघून गेल्या.

दिवस झाल्यावर सर एकदा दुकानात आले. काही घ्यायचं नव्हतं. स्टुलावर बसले. मी विचारलं नाही तरी बोलायला लागले.

"डॉक्टरांना मी विचारलं, आधी आलो असतो तर? ते म्हणाले, सांगता येणार नाही. बरोबर आहे त्यांचं. एका माणसावरून असं सांगता येत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो."

मग खिशातला खडू काढून बोटांनी फिरवत राहिले.

"ती घाबरली होती. मी तिला माहिती देत होतो. रोज नवीन माहिती. किती बायका बऱ्या होतात, कशा बऱ्या होतात. ती ऐकायची आणि वाल सोलायची. तिच्या बहिणीबद्दल मी एकदाही विचारलं नाही. ते तिने बारमध्ये तुम्हाला सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. नखं काळी झाली होती, हे मला माहीत नव्हतं."

गोविंदाने त्यांना परत बोलावलं. एका गुरुवारी ते आले, सोडा घेतला, सगळ्यांची विचारपूस केली. लोक खुर्च्या ओढून जवळ बसले. सर टेबलाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मला विषय सुचत नाही. माफ करा." परत आले नाहीत. गोविंदाने काही दिवस वाट बघितली, मग भिंतीवर मोठा टीव्ही लावला. आता गुरुवारीही तिथे मॅच चालते.

सरही गावात कमी दिसू लागले. सकाळच्या एसटीने कुठेतरी जातात, संध्याकाळी येतात, एवढंच कळायचं. कुणी म्हणे, मन रमवायला हरिहरेश्वरला जाऊन बसतात. कुणी काही म्हणे.

गेल्या माघात आम्ही घरची सगळी पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो. येताना बायकोला चहा हवा झाला म्हणून एका फाट्यावर गाडी थांबवली. टपरीच्या मागून एक कच्चा रस्ता आत जात होता आणि त्यावर माणसांची रांग होती. अण्णाची. रांगेच्या कडेला, बांधावर म्हात्रे सर बसले होते. आणखी वाळलेले, दाढी वाढलेली. शेजारी पाण्याची बाटली.

मी टपरीवाल्याला विचारलं, "ते गृहस्थ इथे नेहमी असतात?"

"रोजच म्हना ना. येडा मास्तर. बुवाच्या मानसांनी दोनदा हाकलला, एकदा शेन फेकलं अंगावर. धुतलं नि परत येऊन बसला."

"काय सांगतात लोकांना?"

"सांगत काय न्हाय. इचारत बसतो. काय होतंय, कवापासून, घरी कोन कोन हाय. कोनी म्हनलं तर त्याच्यासंगं अलिबागला जातो सरकारी दवाखान्यात. रांग लावतो, केसपेपर काढतो."

"ऐकतात का लोक?"

"कुठं! शिव्या देतात. कंदी तरी एखादं ऐकतं."

मी हाक मारायला पुढे झालो आणि थांबलो. सरांच्या शेजारी एक तरुण बाई येऊन टेकली होती. कडेवर मूल, मुलाच्या गळ्याला फडकं गुंडाळलेलं. ती काहीतरी रागाने सांगत होती, हातवारे करत. सर मान तिरकी करून ऐकत होते. ती बोलायची थांबली. सरांनी मुलाच्या पायातला निसटलेला बूट तेवढा नीट बसवला. मग हळूच विचारलं, इतक्या हळू की मला शब्द अर्धेच कळले, "तुला भीती कसली वाटते, बाळा?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग रडायला लागली.

पुढून कुणीतरी ओरडलं, रांग सरकली होती. मागच्या माणसाने तिला खूण केली, चल. ती उठली नाही. तो तिला वळसा घालून पुढे गेला.